नणंदेचा फ्यूज, भावजयीचं गणित

मंचेरियल,
२४ जुलै १९८८

वैनी,

भागीचा जयभीम घे. हे पत्र चुलीजवळ बसून वाचू नको, नाईतर भाजी करपन अन् माय माह्या नावानं बोंबलन.

आमी पोचलो. बोथहून इथवर येता येता बसनं कंबर ढिली केली, पण खरी गंमत पुढं हाये. भाऊ अन् मी पॉलिटेक्निकच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाबूनं यादी काढली, इलेक्ट्रिकल, पहिलं वर्ष, अन् आवाज देला, "भागीरथा!" मी हात वर केला, तर तो माह्या डोक्यावरून मागं पाहून राह्यला. मागं भाऊ उभा. बाबूनं भावाच्याच हाती पेन देला अन् म्हणे, सही कर. भाऊ म्हणे, "मी नाई, ही." बाबू म्हणे, "ही कोण?"

इकडं तेलुगूत भगीरथ म्हणजे गंगा आणणारा राजा, पुरुषाचं नाव. त्याइनं मले पोरगाच धरलं होतं. मुलाच्या होस्टेलात अकरा नंबरच्या खोलीत माही खाट लागली होती, तीन पोराइच्या संगं. तुह्या नवऱ्याचा चेहरा पाहायले पाहिजे होता वैनी! कानापर्यंत लाल. आता समाजकल्याणच्या मुलीच्या होस्टेलात जागा भेटली हाये, काळजी नको.

मंग बाबू भावाले समजावू लागला. पोरीसाठी सिव्हिल बरं, सावलीत बसून नकाशे काढायचे. इलेक्ट्रिकलमध्ये खांबावर चढा लागते. मी म्हटलं, "आमच्या घरची कवेलू दरसाल मीच फेरते. खांब काय, घरावर चढते." मंग बाबूनं माहं नाव इलेक्ट्रिकलमधून काढलं नाई.

वर्गात चाळीस जण. एकोणचाळीस पोरं अन् मी. मास्तर तेलुगूत शिकवतात, फळ्यावर इंग्रजीत लिहितात, अन् रागावतात हिंदीत. मले आतापर्यंत फक्त राग समजला.

मायले सांग, पोट भरून जेवते. तू मले सोडून लसूण-मिरचीचा भुरका एकटीच खाल्ला तर याद राख.

तुही एकुलती नणंद,
भागी


बोथ,
९ ऑगस्ट १९८८

राजे भगीरथ महाराज,

भावजयीचा मुजरा अन् जयभीम. गंगा कवा आणून राह्यले? इथं नळाले चार दिस झाले पाणी नाई.

तुह्या भावानं घरी येऊन होस्टेलची गोष्ट सांगितलीच नाई. तुह्या पत्रातून समजली. मी जेवताना इचारलं, "अकरा नंबरची खोली कशी होती?" त्याइले ठसका लागला. मंडल ऑफिसातला क्लार्क माणूस, उभ्या गावाच्या अर्ज्या वाचते, पण बहिणीच्या अर्जीत 'स्त्री' लिहिलं का नाई ते पाहिलं नाई.

तुह्या मायचं तर इचारू नको. राहीबाईची पोरगी 'लाइटीचं' शिकून राह्यली, हे आता गावात कोणाले माहीत नाई असं नाई. लोक बंद पडलेले टॉर्च अन् रेडू आणून ओसरीवर ठेवून जातात. माय सगळ्याइले सांगते, "राहू द्या, भागी आली का बनवन." सात टॉर्च अन् दोन रेडू झाले. दिवाळीले येशीन तवा पदर खोचून येजो. तुहा भाचा त्यातल्या एका टॉर्चचं झाकण चावून बसला हाये.

एक काम होतं. शेजारच्या रेणुकाबाईच्या पोरीले एक गणित जमून नाई राह्यलं. आईचं वय मुलीच्या तिप्पट हाये. बारा वर्सानं दुप्पट होईन. तर दोघीचे वय काय? तिले नीट समजावून लिहिजो, नुसतं उत्तर नको. पोरगी लाजाळू हाये, म्हणून माह्या हातून इचारते.

मनकर्णा

ता. क. भुरका खाल्ला. लय चांगला झाला होता.


मंचेरियल,
३० ऑगस्ट १९८८

वैनी,

भुरक्याचं मी ध्यानात ठेवलं हाये.

आता रेणुकाबाईच्या लाजाळू पोरीसाठी. मुलीचं वय ठाऊक नाई, तर त्याले क्ष म्हण. ठाऊक नाई म्हणून भ्यायचं नाई, नाव देऊन मोकळं व्हायचं. आई तीन क्ष. बारा वर्सानं मुलगी क्ष अधिक बारा, आई तीन क्ष अधिक बारा. अन् तवा आई दुप्पट, म्हणजे दोन क्ष अधिक चोवीस. दोन्हीकडून दोन क्ष काढून टाक, बारा काढून टाक. उरलं काय? क्ष बरोबर बारा. मुलगी बारा वर्साची, आई छत्तीसची. म्हणजे त्या बाईले चोविसाव्या वर्सी पोरगी झाली. पुस्तक लिहिणारा आपल्या तालुक्यातला नाई, एवढं नक्की.

माहं बरं चाललं हाये. वर्कशॉपचे केशवराव सर माह्या अक्षरावर लय खूश हायेत. इथं एक एक प्रयोग झाला का तो 'रेकॉर्ड' नावाच्या वहीत लिहा लागते, आकृती काढा लागते. सर वर्गात वही वर करून म्हणे, "पाहा, मोत्यासारखं अक्षर!" तवापासून पोरं बी माह्याकडूनच रेकॉर्ड लिहून घेतात. अकरा जणाचं मी लिहिते. सराइनं लॅबच्या सामानाचं रजिस्टर बी मलेच देलं. सगळे म्हणतात, भागीरथाशिवाय पान हालत नाई.

तेलुगू आता समजते. बोलताना चुकते, तवा पोरं हासतात, मी बी हासते. परवा मेसमध्ये भाताले भात म्हणायच्या जागी भलतंच काई म्हणली, वार्डनअम्मा पंधरा मिनिटं हासत होती. काय म्हणली ते पत्रात लिहिता येत नाई.

भाऊ ठीक? माय?

भागी


बोथ,
१८ सप्टेंबर १९८८

भागे,

पत्र भेटलं. रेणुकाबाईच्या पोरीले गणित समजलं. तिनं मंग तसलेच आणखी सहा सोडवले, सहाही बरोबर. ती म्हणे, भागीताईले सांगा, मास्तरीण झाली तर मी पहिल्या बाकावर बसीन.

आता तुहं. मी तुही दोन्ही पत्रं घेऊन बसली अन् शोधून राह्यली. अक्षर भेटलं, वही भेटली, रजिस्टर भेटलं, मोती भेटले. वायर कुठं हाये? तू कोणता तार कोणत्या ताराले जोडला? हात कवा काळे झाले? इथं तुही माय सांगते का पोरगी बिजली बांधून राह्यली, अन् तुह्या पत्रावरून मले वाटते का तू तिथं आमच्या ह्याइच्यासारखी क्लार्कच झाली. क्लार्कच व्हायचं होतं तर बोथलेच झाली असती, भुरका तरी भेटला असता.

रागावू नको. भावजय नाई बोलणार तर कोण बोलन?

मी आजकाल दुपारी रेणुकाबाईकडं शिवण शिकायले जाते. तेवढा वेळ माय नातवाले पाहाते. मन रमते.

पोरीचा पुढचा प्रश्न. ताडाच्या झाडापासून तीस मीटरवर उभं राहून शेंडा पाहिला, कोन तीस अंशाचा झाला, तर ताड किती उंच? ही साइन, कॉस, टॅन काय भानगड हाये?

मनकर्णा


मंचेरियल,
५ ऑक्टोबर १९८८

वैनी,

ताड सतरा मीटर अन् वर थोडा. टॅन म्हणजे समोरची बाजू भागिले पायाची बाजू. सोबत आकृती काढली हाये. आकृत्या मले चांगल्या येतात. तेवढंच येते.

तू बरोबर वळखलं. तवा मले लय राग आला होता तुहा, आठ दिस तुहं पत्र पेटीच्या तळाशी दाबून ठेवलं.

मी आजवर एक बी तार जोडला नाई. प्रयोग सुरू झाला का पोरं टेबलाभवती उभे राहातात, मी मागं. सर म्हणतात, "अम्मा, तू रीडिंग लिही." इकडं पोरीले बी अम्माच म्हणतात. मी लिहिते. सुरुवातीले बरं वाटे. वाटे, आपल्यावर विश्वास हाये. मागच्या सोमवारी सहामाहीचं प्रॅक्टिकल झालं. जिन्याची वायरिंग होती. दोन बटणं, एक बल्ब. खालच्या बटणानं लावायचा, वर जाऊन वरच्यानं बंद करायचा. ही आकृती मी रेकॉर्डात बारा येळा काढली हाये, माही एक अन् पोराइच्या अकरा. बोर्डासमोर उभी राह्यली, तर पेचकस कसा धरा लागते तेच येईना. तार सोलायले गेली तर तारच तुटला. ज्याइचे रेकॉर्ड मी लिहिले ते बाजूले उभे राहून हासत होते. पंचवीसपैकी चार मार्क. सर मले रागावले बी नाई. हळूच म्हणे, "अम्मा, मी तुले पहिल्याच दिवशी सिव्हिल सांगायले पाहिजे होतं." रागावले असते तर बरं झालं असतं.

दिवाळीले येईन ते परत जाणार नाई. मायले आताच सांगू नको. ते टॉर्च ज्याचे त्याले देऊन टाक.

अन् एक गोष्ट. मी बिघडली असीन, पण येडी नाई. रेणुकाबाईची पोरगी सहावीत हाये. तिच्या नाकाचा शेंबूड मी पुसला हाये. सहावीतली पोरगी टॅन इचारत नाई. मले ठाऊक हाये कोण इचारून राह्यलं. भाऊ ऑफिसातली बढतीची परीक्षा देऊन राह्यला ना? बहिणीले इचारायची लाज वाटते म्हणून तुले पुढं करते. त्याले सांग, लाजू नको, मी कोणाले सांगणार नाई. या घरात एक तरी पास होऊ दे.

भागी


बोथ,
१३ ऑक्टोबर १९८८

भागे,

तू लय हुशार हायेस. इतक्या लवकर पकडशीन असं वाटलं नव्हतं. ते तुले इचारायले लाजतात हे खरं हाये. पण त्याइले यातलं काई लिहू नको, बिचाऱ्याचा अभ्यास बंद पडन. भावाले नापास करायचं असन तर घरी ये.

यायचं तर ये वं. घर तुहं हाये. मी काई दार लावून नाई बसली. पण रिकामी नको येऊ, भांडून ये. इथं माह्यासंगं भाकरीच्या आकारावरून चार घंटे भांडतीस, अन् तिथं पंचवीसपैकी चार घेऊन गुपचूप येतीस? ही माही नणंद नाई, कोणी दुसरीच पाठवली त्या पॉलिटेक्निकनं.

मी अडाणी बाई, मले वायर समजत नाई. पण एक समजते. मागच्या साली तुह्या भावाच्या ऑफिसातल्या एकानं पडलेल्या घराचा पंचनामा घर न पाहाताच लिहिला होता. लय सुंदर लिहिला होता म्हणतात. वरचा साहेब आला अन् घर पाहिलं, तर ते पडलंच नव्हतं. मंग त्या माणसाची कशी झाली ते तुले ठाऊक हाये. तू बी तेच करून राह्यली. जो प्रयोग केला नाई, त्याचं रेकॉर्ड लिहून राह्यली, ते बी बारा जणाचं.

बंद कर. आपलं बी लिहू नको, त्याइचं बी नको. सराचं रजिस्टर बी राहू दे. हात जोडून, गोड बोलून सांग, "मी पहिले करीन, मंग लिहीन." तुह्यावाचून पान हालत नाई म्हणतीस ना? मंग हालू देऊ नको. पाहू, कोणाले घाम फुटते.

टॉर्च मी कोणाले परत देत नाई. आता नऊ झाले.

मनकर्णा


मंचेरियल,
२० नोव्हेंबर १९८८

वैनी,

दिवाळीले आली नाई, तू समजलीच असशीन. रागानं नाई. इथं लढाई चालू होती.

तुहं पत्र आलं त्याच दिवशी मी अकराही वह्या पोराइले वापस केल्या. त्याइले वाटलं, चार मार्क पडले म्हणून रुसली. दोन दिस मनवलं, तिसऱ्या दिवशी चिडवलं, चौथ्या दिवशी एक जण मेसमधून केळ घेऊन आला. केळ खाल्लं. वही घेतली नाई.

मंग डिसेंबरात वरून तपासणीले साहेब येणार, अशी नोटीस लागली. सराइनं सगळ्याइचे रेकॉर्ड मागवले. कोरे. माहं बी कोरं. सर टेबलावर हात आपटून म्हणे, "भागीरथा, हे काय?"

मी उठली. म्हटलं, "सर, मी प्रयोग केला नाई. मंग काय लिहू?"

"पोरं करतात ना? तू पाहून लिही."

"मंग पोराइनंच लिहावं सर. मी करीन ते मी लिहीन."

सर मले पाहात राह्यले. मले वाटलं, आता गेली आपण. त्याइनं पोराइले बाजूले केलं, बोर्ड माह्यासमोर ओढला, पेचकस टेबलावर ठेवला अन् म्हणे, "जिन्याची वायरिंग. लाव."

वैनी, मी लावली. अर्धा घंटा लागला. कोणी हासलं नाई. बटण दाबलं, अन् फाट्कन आवाज! बल्ब तर लागला नाईच, लॅबचे पंखे बंद, बाजूच्या ऑफिसातले पंखे बंद. तो यादीवाला बाबू धावत बाहेर आला. आता पोरं जे हासले ते इचारू नको. मले रडू येऊन राह्यलं होतं. सर शांत. म्हणे, "फ्यूज गेला. कोण बांधन? मी?"

मी आजवर फ्यूज पाह्यला बी नव्हता. सर बाजूले उभे राहून सांगत गेले, मेन बंद कर, हे काढ, तार असा गुंडाळ. बांधला. पंखे फिरले. मंग बोर्डावरची चूक शोधली. दोन तार उलटे होते. पुन्हा लावले अन् बटण दाबलं.

खालच्यानं लावला, वरच्यानं बंद केला. वरच्यानं लावला, खालच्यानं बंद केला. किती येळा केलं ठाऊक नाई. शेवटी सर म्हणे, "पुरे अम्मा, बल्ब थकला."

पोरं गेल्यावर सर म्हणे, "पहिल्या दिवशीच काऊन नाई मागितलं?" मी म्हटलं, "तुमी देलं नाई." ते म्हणे, "मले वाटलं, तुले भेव वाटत असन." म्हटलं, "वाटते सर. पोराइले बी वाटते, पण त्याइले कोणी लिहायले बसवत नाई." तवापासून सराइनं टेबलाभवती रोज पाळी लावली हाये, अन् रीडिंग लिहायची बी पाळी. पोराइचे अक्षर पाहाशीन तर रडशीन.

आता तुही पाळी. भावाचं पोस्टकार्ड आलं. मले राहवलं नाई, मी त्याले 'परीक्षेसाठी शुभेच्छा' लिहून पाठवल्या होत्या. तो लिहिते, "कोणती परीक्षा? मी काई देत नाई. तुही तब्येत बरी हाये ना?"

मंग वैनी, ताडाचं झाड कोण मोजून राह्यलं होतं?

भागी


बोथ,
११ डिसेंबर १९८८

भागे,

तुहं शेवटचं वाक्य वाचलं अन् म्हटलं, आता लपून काई उपयोग नाई.

मीच. ताड बी मीच मोजला अन् आईमुलीचे वय बी मीच काढले. मी दहावीले बाहेरून बसून राह्यली.

तुले ठाऊक हाये, नववी झाली अन् माहं लगन झालं. गणितात मी वर्गात पहिली होती. माह्या बानं लग्नाच्या बैठकीत इचारलं होतं, "पोरीले दहावी करू देसान ना?" तुह्याकडचे म्हणाले, "काऊन नाई?" मंग ना त्याइनं नाई म्हटलं, ना मी इचारलं. असं पाच वर्सं. तू पॉलिटेक्निकले गेली त्या दिवशी तुहे जुने पुस्तकं बांधून माळ्यावर ठेवाले माय म्हणाली. मी ठेवाले गेली, अन् वरच बसून वाचत राह्यली. खाली चुलीवर दूध उतू गेलं.

शिवणक्लास म्हणजे रेणुकाबाईची मागची खोली. ती दाराशी मशीन चालवते, मी आत गणितं करते. कोणी आलं तर कपडा हाती घेते.

सगळ्यात मोठं संकट दाखल्याचं होतं. फॉर्मले मंडल ऑफिसचा दाखला लागते, अन् त्या टेबलावर कोण बसते? शाळेत माहं नाव माहेरचं, मनकर्णा अमृतराव. रेणुकाबाईच्या नवऱ्याच्या हातून अर्जी धाडली अन् दिसभर देव आठवले. संध्याकाळी दाखला आला, शिक्क्यासकट. तुह्या भावानं सोताच्या बायकोचा दाखला सोताच्या हातानं लिहिला अन् सोताच्या सासऱ्याचं नाव वळखलं नाई! आता सांग, अशा माणसाच्या भरोशावर हे राज्य चालून राह्यलं.

हास, पण कोणाले सांगू नको. तुहं शिक्षण गावाले पचलं, कारण तू पोरगी. सुनेचं पचन का नाई कोणाले ठाऊक. अन् नापास झाली तर मले आयुष्यभर ऐकावं लागन. गणिताचं भेव नाई, इंग्रजीचं वाटते. तुले भांडायचं शिकवलं, पण माही हिंमत एवढीच हाये, मागच्या खोलीएवढी.

मनकर्णा


मंचेरियल,
२ जानेवारी १९८९

मनकर्णा अमृतराव, नववी पास,

आजपासून मी तुही मास्तरीण. वैनी-बिनी घरी. रोज इंग्रजीचे दहा शब्द, रविवारी वीस. सोबत माह्या दहावीच्या वहीतले भूमितीचे सिद्धांत उतरवून पाठवते. हे रेकॉर्ड मी आनंदानं लिहिलं, कोणी म्हटलं नाई तरी. मागच्या पत्रासंगं तू जे उदाहरण सोडवून पाठवलं, त्यात उणे चिन्ह विसरली. पट्टी पाठवता येत नाई पोस्टानं, सोताच सोताले मार.

मले 'क्लार्क झाली' म्हणणारी बाई मशीनमागं लपून गणितं करते, हे पाहून लय मजा आली. अन् वैनी, रात्री झोप नाई आली. तू पाच वर्सं माही वेणी घालून मले शाळेत धाडलं. एक दिस बी मले समजलं नाई का तुले बी यायचं होतं.

भाऊबद्दल मी काई बोलणार नाई. हासून हासून पोट दुखते.

भागीरथा मॅडम


बोथ,
९ एप्रिल १९८९

मॅडम,

पेपर झाले. कसे गेले ते शेवटी सांगते, पहिले तमाशा ऐक.

पहिल्या दिवशी 'रेणुकाबाईसंगं बाजारात जाते' म्हणून निंघाली. शाळेत सगळे पंधरा-सोळा वर्साचे पोरं. मी वर्गात शिरली तर सगळे उठून उभे! त्याइले वाटलं, पेपर वाटणारी बाई आली. मी म्हटलं, "बसा बाबांनो, मी बी तुमच्यासारखीच." माह्या बाजूची पोरगी हळूच म्हणे, "काकू, गणितात दाखवसान ना?"

गणिताच्या दिवशी पेपर सुटला, मी फाटकाबाहेर आली, अन् पाहाते तर कडुनिंबाखाली तुही माय. कडेवर तुहा भाचा, हातात ताकाचा तांब्या. म्हणे, "पी. उन्हाचं डोकं दुखन." मी तांब्या घेतला. म्हटलं, "माय, तुमाले कोणी सांगितलं?"

माय म्हणे, "सा महिने झाले शिवणक्लासले. एक झबलं तरी शिवलं का वं? मी काय आंधळी हाव?"

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"देवाजी म्हणे बोलू नका. म्हणे, ती सांगत नाई तवर आपल्याले माहीत नाई."

भागे, तुह्या भावाले माहीत होतं! दाखला लिहिला त्याच दिवसापासून. अर्जी पाहिली, सासऱ्याचं नाव पाहिलं, शिक्का मारला, अन् घरी येऊन मायले सांगितलं. मंग दोघंही गुपचूप. मी सा महिने त्याइच्यापासून लपवून राह्यली, ते सा महिने माह्यापासून. संध्याकाळी मी इचारलं, "काऊन नाई बोलले?" तर म्हणे, "लग्नाच्या बैठकीत मी हाव म्हटलं होतं. पाच वर्सं मलेच आठवलं नाई. आता कोणत्या तोंडानं म्हणू का मी परवानगी देतो?" अन् मंग चष्मा पुसत बसले. मी आजवर त्या माणसाले चिडवत आली. दोन दिस लागले परत चिडवायले.

गणित पुरं सोडवलं. इंग्रजीत निबंध आला होता, 'माझा सर्वात चांगला मित्र'. मी तुह्यावर लिहिला. तो चुकला असन तर कसूर तुहा.

मनकर्णा


मंचेरियल,
१४ जून १९८९

वैनी,

निकाल भाऊनं कळवला. गणितात चौऱ्याऐंशी! मले सत्तर होते, हे तू कोणाले सांगणार नाईस. अन् इंग्रजीत चार मार्कानं गेली. चार! माहे बी चारच होते, पंचवीसपैकी. या घरचा तो आकडाच हाये.

भाऊ लिहिते, तू तीन दिस कोणाले चिडवलं नाई. घरात सगळे घाबरून गेले म्हणे. मायनं सोता येऊन भाकर जाड झाली का इचारलं. असं करू नको. ऑक्टोबरात पुन्हा पेपर हाये. निबंधात माह्यावर लिहिलं म्हणून गेली असशीन. यंदा गाईवर लिही, गाय सगळ्याइले आवडते.

मी पास झाली. प्रॅक्टिकलमध्ये पंचवीसपैकी एकवीस. पुढच्या हप्त्यात येते. नऊ टॉर्च तयार ठेव, अन् इंग्रजीचं पुस्तक बी. सकाळी मी टॉर्च उघडीन, तू पुस्तक उघड. जिचं पहिले बंद होईन तिनं भाकरी करायच्या.

भागी


आदिलाबाद,
१९ ऑगस्ट १९९०

भागे,

तुह्या भावाची बदली इकडं झाल्यापासून हे पहिलंच लांब पत्र. दोन खोल्या, नळ अंगणात, अन् मायची शेजारणीसंगं पहिल्या दिवशी भांडण, दुसऱ्या दिवशी दोस्ती.

काल इथल्या आयटीआयत ॲडमिशन होती. तुहा भाऊ येतो म्हणे. मी म्हटलं, नको, बाबू तुमच्याच हाती पेन देईन. एकटीच गेली. गाईवरच्या निबंधानं पास झालेलं सर्टिफिकेट पिशवीत. अंगणात तीन रांगा. फाटकावरच्या शिपायानं मले पाहिलं अन् म्हणे, "बाई, भावाच्या ॲडमिशनले आल्या का? पालक तिकडं बाकड्यावर बसा." मी म्हटलं, "मीच घेऊन राह्यली ॲडमिशन." तो म्हणे, "मंग शिवणाची रांग ती." मी म्हटलं, "शिवण मी सा महिने शिकली, एक झबलं बी आलं नाई. इलेक्ट्रिशियनची कोणती?"

त्यानं बोटानं दाखवली. सगळे पोरंच. जाऊन शेवटी उभी राह्यली. पुढच्यानं मागं वळून पाहिलं, मंग त्याच्या पुढच्यानं, असं करत करत रांग पुढं गेली. मी पदर नीट केला अन् मान वर ठेवली.

थोड्या येळानं कोणी तरी माहा पदर ओढला. शिवणाच्या रांगेतली एक पोरगी. सतरा-अठराची, खेड्यातली, हातात कागदाची सुरळी. म्हणे, "ताई, इकडं बाया बी चालतात का?"

मी म्हटलं, "मी उभी हाव ना."

ती म्हणे, "मले घरी बल्ब बदलायले लय आवडते. पण मले वाटलं, आपली रांग तीच."

मी सरकून तिले पुढं घेतलं. मागचा पोरगा कुरकुर करू लागला, त्याले मी भाचा म्हणून गप केलं. दोघीचं नाव लागलं. बाबूनं दोन्ही नावापुढं 'स्त्री' लिहिलं का नाई, ते मी वाकून पाहिलं.

आता हिशेब ऐक मॅडम. तुले तिथं दोन वर्सं झाली. एकोणचाळीस पोरं अन् तू एकटी. मी पहिल्याच दिवशी दोन केल्या. पुढच्या पत्रात मले तुही प्रगती कळव, नाईतर मी येऊन तुही मास्तरीण होईन.

मनकर्णा